नऊ आत, नऊ बाहेर

सरांच्या तोंडाला साबण लागलेला होता आणि नळातून नुसती फुसफुस येत होती. गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बिघडून दोन दिवस झाले होते, तरी सर सवयीने साबण आधी लावत आणि नळ मग सोडत. तोंड तसंच टॉवेलला पुसून ते तणतणत गच्चीवर गेले, तर जिन्यातच नळवाला भेटला. तो डोकं धरून खाली येत होता.

"कावळी आहे सर. झाडात घरटं केलंय, अंडी असणार. टाकीच्या शिडीला हात लावला की आलीच. हे बघा."

त्याच्या टकलावर दोन लाल खुणा होत्या. सरांनी त्या चष्मा सावरून मोजल्या. मोजणं हा त्यांचा जन्माचा धंदा. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं होतं. हा नळवाला, तळमजल्यावरचा शिंपी आणि इमारतीतले निम्मे संसारी पुरुष त्यांच्याच हाताखाली नापास झालेले होते. पण सरांचा खरा अभिमान वेगळाच होता. इतक्या वर्षांत इतक्या सहली नेल्या, पण एक पोर म्हणून हरवलं नाही. चढताना मोजायची, उतरताना मोजायची. हे वाक्य इमारतीत प्रत्येकाला पाठ झालं होतं.

"एका पक्ष्यापुढे हात टेकायचे?" सर म्हणाले. "अरे, डोकं चालवा."

गच्चीची रचना अशी होती, की मधोमध एक अडगळीची खोली आणि तिला दोन दारं. पुढचं दार जिन्यासमोर उघडे आणि मागचं टाकीच्या शिडीपाशी. घरटं पुढच्या बाजूच्या झाडात होतं. कावळी घरट्यात बसली, की खोलीआडची टाकी तिला दिसत नसे. पण गच्चीत माणूस दिसला, की ती घरटं सोडून टाकीवर ठाण मांडी आणि शेवटचा माणूस खाली जाईपर्यंत हलत नसे.

"म्हणजे सगळे गेले असं तिला वाटायला हवं," सर म्हणाले. "दोघांनी खोलीत जायचं, एकानं बाहेर यायचं. ती घरट्यात गेली, की तू मागच्या दारानं टाकीवर. पक्ष्याला कुठलं आलंय गणित!"

घरात हा बेत ऐकून सरांच्या बायकोने, म्हणजे सगळ्या इमारतीच्या काकूंनी, कणकेतला हात तसाच धरून म्हटलं, "अहो, मी काय म्हणते, ती कावळी..."

"थांब गं जरा, मी बोलतोय ना."

काकू थांबल्या. चाळीस वर्षांच्या सरावाने त्यांना ते छान जमत असे.

शिंपी आणि नळवाला खोलीत गेले, शिंपी एकटा बाहेर आला. कावळी टाकीवरच. अर्धा तास उकडून निघालेल्या नळवाल्याने मागचं दार किलकिलं करून बघितलं, तर ती वरून त्याच्याकडेच बघत होती. मग चार जण गेले, तीन आले. ती हलली नाही. सहा गेले, पाच आले. ती चोच घासत बसली.

"सर, हिला येतंय," शिंपी म्हणाला. "माझ्यापेक्षा बरं येतंय."

"तुझ्यापेक्षा कुणालाही येतं. नीट ऐका." सरांचा आवाज थेट वर्गातला झाला. "दोन आणि एक यांतला फरक आंधळ्यालाही कळेल. पण नऊ आणि आठ? समोर दोन ढीग ठेवले तर तुम्हीसुद्धा नुसतं बघून सांगू शकणार नाही. आकडे मोठे झाले, की फरक पुसट होतो. पक्षी मोजत नाही, अंदाज घेतो. आपण त्याच्या अंदाजाबाहेर जायचं. नऊ माणसं हवीत!"

"अहो, पण मी काय म्हणते..." दारातून काकू म्हणाल्या.

"तू नको, गुडघे दुखतात तुझे. मी माणसं जमवतो."

पाणी नसलेल्या इमारतीत माणसं जमायला वेळ लागत नाही. शिंपी, त्याची बायको, दुसऱ्या मजल्यावरचे तिघे भाऊ, दाताचे डॉक्टर आणि असेच हाताला लागलेले आणखी दोघे. नववा नळवाला. सर जिन्याच्या दारात वही घेऊन उभे राहिले आणि एकेकाला खोलीत सोडू लागले. ऊन चढलं होतं. तेवढ्यात मागून काकू आल्या. हातात थर्मास, बिस्किटांची बशी आणि सरांची टोपी. सरांनी मागे न बघताच हात केला, टोपी घेतली, डोक्यावर चढवली, "नऊ!" असं ओरडले आणि आकडा लिहायला वहीत मान घातली. काकू त्यांच्या शेजारून निघून खोलीत गेल्या.

पाच मिनिटांनी सरांनी शिटी मारली. एक एक करत आठ जण बाहेर आले. सरांनी दोनदा मोजले, सगळ्यांना जिन्यात घेतलं आणि दाराच्या फटीला डोळा लावला.

कावळी टाकीवर होती. मग तिने मान वाकडी केली. मग दुसरीकडे वाकडी केली. आणि भुर्रकन उडून खोलीच्या पलीकडच्या, खिडकीच्या बाजूला उतरली.

"फसली!" सर कुजबुजले. खरं तर घरटं त्या बाजूला नव्हतं. पण जिंकणाऱ्या माणसाला इतकं बारीक दिसत नाही.

पंधरा मिनिटांत नळवाला मागच्या दाराला सवयीने बाहेरून कडी घालून, खोलीला वळसा घेऊन पुढे आला. टक्कल शाबूत होतं.

"झालं सर काम. पण आत अजून..."

"पान्हा विसरलास ना? शाळेत कंपास विसरायचास तसाच. उद्या ने." सरांनी पुढच्या दाराला कुलूप लावलं आणि वहीत नवव्या नावापुढे खूण केली. "नऊ आत, नऊ बाहेर."

"सर, पण काकू..."

इतक्यात खालून कोणीतरी "पाणी आलं!" म्हणून किंचाळलं. सगळी गर्दी जिन्यातून खाली लोटली आणि नळवालाही तिच्याबरोबर गेला. सरांनी मोजलंय म्हणजे बरोबरच असणार, हे त्याच्या तळहातावर फार लहानपणी छडीने लिहिलं गेलं होतं. बाकीचं मागचे बघतील, असं समजून तो पुढच्या कामाला निघून गेला.

सर शेवटी उतरले. उतरताना त्यांनी वळून बघितलं, तर कावळी कठड्यावर बसून कुलूपबंद दाराकडे टक लावून बघत होती.

"बघा, बघा!" ते जिन्यातूनच ओरडले. "सगळे बाहेर आले, तरी हिला वाटतंय आत कोणीतरी आहे. एकानं चुकली!"

मग इमारतीभर बादल्या भरू लागल्या. सरांनी एकदाचं तोंड धुतलं आणि दारात खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला सिद्धान्त समजावायला घेतला. मधूनच वरून धप्‌धप्‌ असा आवाज येत होता.

"हे काय वाजतंय सर?" शिंप्याच्या बायकोने विचारलं.

"पाइपातली हवा. दोन दिवस कोरडे होते ना. निघेल हळूहळू."

हवा तासभर निघत होती. मग थांबली. सरांचा घसा आता कोरडा पडला होता.

"अगं, चहा!"

उत्तर आलं नाही. सर स्वयंपाकघरात गेले. कणीक झाकलेली, थर्मास जागेवर नाही, काकूंचा फोन फ्रिजवर. त्यांनी बाथरूम बघितलं, आतली खोली बघितली, उगाच कपाटामागेही बघितलं. मग जिन्यात जाऊन शक्य तितक्या सहज आवाजात शिंप्याला विचारलं, "आमची ही आली होती का तुमच्याकडे?"

"काकू? नाही बुवा. मघाशी वर बघितल्या होत्या, तुम्हाला टोपी देऊन खोलीत आल्या तेव्हा. नळवाल्याबरोबर उतरल्या असतील."

सरांचा हात डोक्याकडे गेला. टोपी होती. डोक्यावर टोपी होती, म्हणजे ती कोणीतरी आणून दिली होती. इतकं साधं उदाहरण त्यांना आयुष्यात इतक्या उशिरा सुटलं नव्हतं. ते एका दमात गच्चीवर पोचले.

कावळी तिथेच होती. कठड्यावर, दाराकडे तोंड करून. सरांना बघून तिने एकदाच "काव" केलं, पण अंगावर आली नाही.

त्यांनी कुलूप उघडलं. आत मोडक्या आरामखुर्चीत काकू बसल्या होत्या. हातात थर्मासचं झाकण, मांडीवर जुना पेपर.

"आलात?" काकू म्हणाल्या. "तासभर दार ठोकत होते मी."

"मला वाटलं हवा आहे."

"हवा?"

काकूंनी बशीतला बिस्किटाचा एक तुकडा उचलून खिडकीच्या गजांत ठेवला. शेजारी दुसरा ठेवला. कावळी येऊन बसली, पण तुकड्यांना शिवली नाही. काकूंनी तिसरा ठेवला. तेव्हा कुठे तिने तिन्ही गोळा केले.

"रोज सकाळी आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत तीन तुकडे देते मी हिला. दोन ठेवले तर जात नाही, बघत बसते. मी इथून बिस्किटं दाखवली म्हणून तर ती टाकी सोडून आली आणि त्याचं काम झालं. हेच तुम्हाला सकाळपासून सांगायला बघतेय."

"मग सांगायचं ना!"

काकूंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

"दहा जण आत गेले होते," त्या उठत म्हणाल्या. "नऊ बाहेर आले. ती दारासमोर बसून होती, फटीतून दिसत होती. मला तेवढीच सोबत."

सरांना खरोखर फार वाईट वाटलं. दुसऱ्यांची पोरं त्यांनी चौतीस वर्षं मोजून घरी आणली होती.

"हे... खाली कुणाला..." ते अडखळले.

काकूंनी थर्मासला झाकण लावलं आणि त्या जिना उतरायला लागल्या.

संध्याकाळी सगळी मंडळी सरांकडे आली. पाणी आल्याचा आनंद होताच, शिवाय सकाळचा नळवाला पान्हा न्यायला आला होता. पान्हा त्याच्याजवळच होता, पण निमित्त काहीतरी हवं. तो दारातच उभा राहून काकूंकडे बघत होता आणि बघून त्याला भलतंच हायसं वाटलेलं दिसत होतं.

"तर मग सर," शिंप्याने विषय काढला, "कावळ्याला नऊच्या पुढे येत नाही, हे ठरलं म्हणायचं. एकानं चुकली ना ती?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"नाही," ते म्हणाले. "तिचं बरोबर होतं."

"आँ? मग चुकलं कोण?"

नळवाल्याने छताकडे बघितलं. सरांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

"अहो, मी काय म्हणते..."

सर थांबले. मंडळींनी उगीच खुर्च्या सावरल्या, कारण पुढचं वाक्य सगळ्यांना पाठ होतं.

"बोल," सर म्हणाले. "तू बोल."

काकू पदर खोचून दारात उभ्या राहिल्या. त्यांनी एकदा शिंप्याकडे बघितलं, एकदा नळवाल्याकडे, आणि मग बराच वेळ सरांकडे.

"चहा झालाय," काकू म्हणाल्या. "कप मांडा."

सर पटकन उठले. त्यांनी फळीवरून कप काढले, आलेली माणसं मोजली आणि नऊ कप मांडले. मग दाराकडे बघितलं आणि दहावा काढून सगळ्यात आधी तोच भरला.