ईमेलच्या आधी श्री

वैष्णवीचा सकाळपासून जीव थाऱ्यावर नव्हता. अंबडच्या एका कारखान्यात ऑफिसच्या नोकरीसाठी आज मुलाखती होत्या आणि वेळ कळवणारा ईमेल काही येत नव्हता. दर मिनिटाला फोन उघडून तिचं बोट दुखायला लागलं होतं.

"पप्पा, अर्ज तुम्ही भरलात ना? माझा ईमेल बरोबर टाकला होता?"

"अक्षर न् अक्षर तपासून टाकला," महेशराव म्हणाले. "आधी फक्त श्री काढला."

वैष्णवीने फोन खाली ठेवला. भाजीची यादी असो की नळाची तक्रार, वर श्री काढल्याशिवाय पप्पांचं पेन पुढे सरकत नसे, हे पंचवटीतल्या त्यांच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

"मराठीत काढला?"

"मग काय, श्री इंग्रजीत काढू?"

"आणि अर्जाने तो घेतला?"

"मुकाट घेतला. हिरवी खूणपण आली."

पाचव्या मिनिटाला दोघं स्कूटरवर होते. सिग्नलला महेशराव मागून म्हणाले, "श्रीच्या दोन्हीकडचे उभे दंड नाही टाकले हं. तेवढं कळतं मला."

ऑफिसात वसीम नावाच्या कारकुनाने स्क्रीन तिच्याकडे वळवला. तिच्या ईमेलच्या पत्त्याआधी ओळीने चार प्रश्नचिन्हं उभी होती.

"अर्जाने श्री घेतला, पण ईमेल पाठवणारं आमचं सॉफ्टवेअर जुनं आहे, त्याला मराठी येत नाही. कळलं नाही की प्रश्नचिन्ह टाकतं."

"म्हणजे मला ईमेल गेलाच नाही?"

"कुणालाच गेला नाही, ताई. यादी अक्षरांच्या क्रमाने लागते आणि प्रश्नचिन्ह इंग्रजी 'ए'च्याही आधी येतं. तुमचा पत्ता गेला सगळ्यात वर. मशीन तिथंच अडलं ते अडलंच."

"श्री वरच असतो," महेशराव समाधानाने म्हणाले.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं वैष्णवीला झालं. तेवढ्यात मुलाखत घेणाऱ्या मॅडम वैतागून आतून बाहेर आल्या.

"वसीम, सकाळपासून बसलेय मी. कोणी आलं का?"

"या एकट्याच आल्यात, मॅडम."

"मग पाठव की आत. उद्यापासून माणूस पाहिजे मला."

वसीमने छापील अर्ज पुढे केला. "हा हाताने भरा. मशीनवर नको." महेशरावांचा हात सवयीने पेनाकडे गेला. वैष्णवीने नुसतं पाहिलं. ते गुपचूप काचेच्या दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

तिने पेन उघडलं. नाव, पत्ता, ईमेल, सगळे रकाने वाचले. पण पहिलं अक्षर काही उमटेना. तिने हळूच दाराकडे पाहिलं. मग कागदाच्या अगदी वर, मधोमध, बारीकसा श्री काढला.

तेव्हा कुठे पेन पुढे सरकलं.