वाफेच्या शेजारचा पाइप

अमेरिकेत बफेलो शहरातल्या आमच्या घराच्या तळघरात स्वयंपाकघराच्या सांडपाण्याचा लोखंडी पाइप गंजून ठिबकायला लागला, तेव्हा प्लंबरला न बोलावता तो मीच बदलायचं ठरवलं. (मी विमा कंपनीत कारकून आहे. आत्मविश्वासाला तेवढं पुरतं.) प्लास्टिकचा पांढराशुभ्र पाइप आणला आणि छताखालून जाणाऱ्या, घर तापवणाऱ्या बॉयलरच्या वाफेच्या पाइपाला खालून चिकटवून प्लास्टिकच्याच पट्ट्यांनी बांधला. आयता आधार!

"काझ, अरे, तो वाफेचा पाइप हिवाळ्यात किती तापतो!" बायको लोरेन म्हणाली.

"तापू दे. प्लास्टिकला कुठे कातडी असते भाजायला?"

हे ऑगस्टमधलं. बॉयलर बंद होता, त्यामुळे मी बरोबर होतो.

मग बर्फ पडला आणि सासूबाईंचा ऐंशीवा वाढदिवस आला. सासूबाईंना थंडी सोसत नाही म्हणून बॉयलर सणसणीत पेटवला. घरभर पाहुणे. लोरेननं पिरोग्या, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या पोलिश करंज्या, उकडल्या आणि ते उकळतं पाणी मोरीत ओतलं. ते मोरीतच तुंबून राहिलं.

मी तळघरात उतरलो आणि पायरीवरच थबकलो.

पट्ट्या सुटून लोंबत होत्या. पाइप मधोमध मऊ होऊन खाली झुकत होता. तुटत नव्हता, फुटत नव्हता. हळूहळू, अगदी निवांत, पोट भरलेल्या अजगरासारखा उतरत होता. वर वाफ फुसफुसत होती. इतकं संथ आणि इतकं डौलदार काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"काझ! बादली तरी लाव!" लोरेन ओरडत खाली आली, आणि पाहताच तीही पायरीवरच थबकली. "अगं बाई!"

मागोमाग सासूबाई यादविगा काठी टेकत उतरल्या. त्यांच्यामागे सगळे पाहुणे जिन्यात दाटले. सगळे माना उंचावून पाहू लागले. एकानं तर टोपी काढली.

"जावईबापू," सासूबाई कुजबुजल्या, "तुमच्या हातचं सरळ काही राहत नाही. पण वाकतं किती देखणं हो!"

मी भानावर आलो आणि पाइपाला खांदा द्यायला धावलो. तेवढ्यात सांधा निखळला आणि पिरोग्यांचं, एव्हाना कोमट झालेलं चिकट पाणी डोक्यापासून बुटांपर्यंत माझ्यावर कोसळलं. जिन्यातून टाळ्यांचा कडकडाट झाला.

मी ओलाचिंब, नम्रपणे झुकलो.

"सरळ उभा राहा," लोरेन म्हणाली, "टाळ्या पाइपाला आहेत."