आर्टिस्टला पाठ दाखवायची नाही

जयराम मॅनेजर उलटा चालतो. दारू पिऊन म्हणाल तर तसं नाही, चहाच्या पुढं त्याची मजल कधी गेली नाही. पण त्याची आर्टिस्ट समोर असली, की हा तिच्याकडे तोंड करून मागं मागं सरकत जाणार. स्टेजवरून उतरणार तसाच, मांडवातून बाहेर पडणार तसाच. माझा तलासरी नाक्यावर मंडप आणि स्पीकरचा धंदा आहे. या माणसाच्या पायात अडकून माझ्या किती वायरी उपटल्या गेल्या, ते विचारू नका. शिव्या घातल्या की म्हणतो, "वायर जोडता येते मंडपवाले, आर्टिस्टचं मन नाही. बरोबर ने?"

हे गुजराती वळणाचं "बरोबर ने" त्याला डहाणूच्या बाजारात चिकटलं आणि मग कधी सुटलंच नाही.

जयराम मूळचा चिखल्याचा, मासेमारी करणाऱ्या घरातला. घरची बोट होती, भाऊ अजून समुद्रावर जातात. पण हा बोटीत बसला की किनारा सुटायच्या आत ओकायला लागायचा. शेवटी बापानंच हात जोडले, म्हणाला, "बाबा, तू जमिनीवरच काय ते कर." मग यानं कार्ड छापलं. 'आर्टिस्ट डेव्हलपमेंट आणि मॅनेजमेंट. सर्व प्रकारचे आर्टिस्ट तयार करून मिळतील.' माझ्या पोराला वाटलं, मूर्ती बनवतो की काय!

पण खरं सांगतो, तयार करायचा हो तो. एका बेंजोवाल्याला घडवला, तो तारापूरला कंपनीत लागला. हळदीची गाणी म्हणणारी एक पोरगी घडवली, ती लग्न करून वापीला गेली. जाताना दोघांनी पेढे दिले. याची बायको मागंच वारली, पोरबाळ नाही. पेढे एकटा किती खाणार? माझ्या दुकानात आणून ठेवायचा आणि म्हणायचा, "आर्टिस्ट सापडत नसतो, घडवावा लागतो. चला, दुसरा घडवू."

दुसरा म्हणजे सुनंदा. तलासरीच्या आतल्या पाड्यावरची. बाप जान्याबाबा तारपा वाजवणारा. सुक्या भोपळ्याचं ते लांबलचक वाद्य फुंकत तो मधे उभा राहतो आणि सगळा पाडा त्याच्याभोवती नाचतो. तो वळेल तसं वळायचं, आणि नाचताना तारप्याला पाठ दाखवायची नाही, हा आमच्याकडचा रिवाज. सुनंदाला गाण्यासाठी मागायला जयराम पाड्यावर गेला, तेव्हा जान्याबाबानं त्याला एवढंच सांगितलं. जयरामनं मांडीवर थाप मारली. "म्हणजे आर्टिस्टला पाठ दाखवायची नाही! बरोबर ने?"

"नाचताना," जान्याबाबा म्हणाला.

पण जयरामला अर्धंच ऐकायची सवय. त्या दिवशी तो पाड्यावरून निघाला तो उलटाच, आणि कुणाच्या तरी कोंबड्यांच्या डालग्यावर जाऊन बसला.

मग सुरू झालं सुनंदाचं डेव्हलपमेंट. चिंच बंद, बर्फाचा गोळा बंद, मोबाईलवर मैत्रिणींशी खिदळणं बंद. रोज सकाळी चिखल्याच्या किनाऱ्यावर समुद्राचा वारा तोंडावर घेऊन गायचं. ती सुरूच्या झाडांपाशी उभी, आणि हा तिच्याकडे तोंड करून पाण्याच्या दिशेनं मागं मागं. "ऐकू येत नाही! अजून खुला आवाज!" ती गातेय, हा सरकतोय. भरती लागलेली. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, तरी याचं आपलं "अजून!" शेवटी एका लाटेनं साहेबांना पार आडवं केलं. सुनंदा गाणं टाकून हसत सुटली. जाळी विणत बसलेला त्याचा थोरला भाऊ ओरडला, "बोटीत बसायला भितो आणि चालत निघालाय समुद्रात!" नाकातोंडातून पाणी गाळत जयराम काय म्हणाला माहीत आहे? "हसताना सूर लागला होता. तोच धर."

चिंचणीला तर तो वाळत घातलेल्या बोंबलांच्या बांबूंवर मागं मागं जाऊन आदळला. सगळी रांग खाली. बोंबीलवाली मावशी कोयता घेऊनच धावली. "मेल्या, माझं मावरं मातीत घातलंस! देवानं डोळे पुढं कशाला दिले तुला?" यानं हात जोडले आणि सुनंदाला सांगितलं, "मावशींसाठी एक म्हण." तिनं पाड्यावरचं लग्नातलं गाणं म्हटलं. मावशीनं कोयता खाली ठेवला, डोळ्याला पदर लावला आणि पुतणीच्या हळदीची सुपारी दिली. बोंबील मात्र त्याच्याकडूनच उचलून घेतले.

आता त्याची सौदा करायची तऱ्हा. समोरचा काहीही म्हणाला, की याचं एकच उत्तर, "आर्टिस्टशी बोलावं लागेल." मग हा माझ्या दुकानासमोरच्या चिंचेमागं जाणार. आर्टिस्ट असते तिकडं पाड्यावर, भात लावत. हा झाडामागं उभा राहून खिशातले शेंगदाणे खातो. पुडी संपली की गंभीर तोंड करून येतो. "आर्टिस्ट नाही म्हणते. आधी तिची पाड्यावरची गाणी, मग तुमची धांगडधिंग्याची." आणि लोक मान्य करतात हो! मी इतकी वर्षं मंडप बांधतोय, मला कुणी साधा चहा विचारत नाही.

अशाच एका हळदीतलं सुनंदाचं गाणं कुणीतरी मोबाईलवर घेतलं, ते फिरत फिरत मुंबईला गेलं, आणि एक दिवस एका गाण्याच्या कंपनीच्या मॅडम थेट माझ्या दुकानात. सुनंदा स्पीकरच्या खोक्यावर बसलेली. जयराम असा फॉर्मात होता म्हणून सांगू! "नाव सुनंदाच राहील, त्याचं सोनूबिनू करायचं नाही." कबूल. "पहिल्या गाण्यात तारपा जान्याबाबाच वाजवणार, मशीनमधला नाही." कबूल. "होळीला ती पाड्यावर येणार म्हणजे येणार." तेही कबूल. मला वाटलं, आता हा मॅडमकडून माझे स्पीकरही बदलून घेतो.

मग मॅडम म्हणाल्या, "फक्त एक आहे. मॅनेजमेंट आमचं असेल. तिला मुंबईत राहावं लागेल. म्हणजे तुम्ही..."

"आर्टिस्टशी बोलावं लागेल," जयराम म्हणाला.

"मी इथंच बसलेय, मामा," सुनंदा म्हणाली. "आणि तुम्ही नाही तर मी पण नाही."

"आर्टिस्टनं मॅनेजरच्या कामात लुडबुड करायची नाही!" एवढं खेकसून, तिच्याकडे तोंड करूनच, तो मागं मागं चिंचेकडे गेला.

मी दुकानातून बघत होतो. शेंगदाण्यांची पुडी त्यानं काढली, पण उघडलीच नाही. मुठीत धरून नुसता उभा. मला भडभडून आलं. ओरडावंसं वाटलं, नाही म्हणून सांग रे, तुझ्या आर्टिस्टचंच म्हणणं आहे ते! पण माझं ऐकतो कुठं तो? बऱ्याच वेळानं आला. पुडी सुनंदाच्या हातात दिली आणि मॅडमना म्हणाला, "आर्टिस्ट हो म्हणते."

सुनंदा रडली, भांडली, दोन दिवस अबोला धरला. शेवटी जान्याबाबानंच तिला समजावलं. पुढच्या आठवड्यात न्यायला गाडी आली. नाक्यावर जयराम इस्त्रीचा शर्ट घालून हजर. पेढे यानंच आणले होते. सूचना चालूच होत्या, गाडीत पट्टा लाव, गार पाणी पिऊ नको, कुणी मोठा दिसला म्हणून आवाज बारीक करू नको. सुनंदा वाकून त्याच्या पाया पडली. मग उठली आणि त्याच्याकडे तोंड करून एकेक पाऊल मागं टाकत गाडीकडे निघाली.

"अगं, मागं बघ! पडशील!"

"तुम्ही बघता का कधी?"

गाडीच्या दारावर तिची पाठ आपटली, तरी ती वळली नाही. तशीच आत बसली. आणि जयराम गर्रकन फिरला. सुनंदा आल्यापासून पहिल्यांदा आर्टिस्टकडे पाठ आणि तोंड माझ्याकडे. डोळे नुसते भरून वाहत होते.

"मंडपवाले, तुझा डावा स्पीकर खरखरतो," तो म्हणाला.

"करतो दुरुस्त."

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

"गेली?"

"अजून नाही. मागच्या सीटवर गुडघे टेकून बसलीय, इकडं तोंड करून."

"पट्टा लाव म्हणून सांगितलं होतं तिला," जयराम म्हणाला आणि इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीनं त्यानं तोंड पुसलं.