थोरला कोठे शे?

जिभाऊ कुणाच्याही घरी गेले की आधी देव मोजतात, मग पाण्याला हात लावतात. भिंतीवरचं महादेवाचं चित्र वरपासून खालपर्यंत तपासायचं आणि घरच्या बाईला दरडावून विचारायचं, "माय शे, बाप शे, धाकला शे, उंदीर बी शे. थोरला कोठे शे?"

थोरला म्हणजे कार्तिकेय. आमच्याकडच्या चित्रांत तो सहसा नसतोच. माझ्या कॅलेंडरवरून जिभाऊंनी मला असं झापलं, जणू पोराला मीच घराबाहेर काढलं होतं.

सुरतमधल्या गोडादऱ्यातली आमची गल्ली निम्मी खानदेशी. थोरल्या भावाला तिकडे जिभाऊ म्हणतात, म्हणून सगळी गल्ली त्यांना जिभाऊ म्हणते. सख्खा धाकटा भाऊ तेवढा नावाने हाक मारतो. जन्म कापडाच्या लूमच्या खडखडाटात गेल्यामुळे ते साधं बोलले तरी भांडण वाटतं.

आई-बापांनी पृथ्वीप्रदक्षिणेची शर्यत लावली, थोरला मोरावर बसून निघाला, धाकट्याने आई-बापांभोवतीच फेरी मारून बाजी मारली. शाळेत ही गोष्ट मी गणपतीच्या हुशारीसाठी शिकवते. जिभाऊंना मात्र ती फसवणूक वाटते. "पोऱ्याले जगभर पिटाळं आनि घरमा निकाल लायी टाका. हाऊ काय न्याव शे?"

समोरचे गुजराती शेजारी एकदा समजूत घालायला गेले. "काका, ए तो साउथमां सेटल थई गया."

"सेटल नही व्हयना. रुसी ग्या. कोनी बलावाले नही ग्यं."

मिसरूड फुटायच्या आत जिभाऊ सुरतला आले, धाकटा गावी आई-बापांपाशी राहिला. गावात आजही कौतुक धाकट्याचंच. म्हाताऱ्यांची सेवा त्याने केली. ती सेवा ज्याच्या कमाईवर चालली तो इथे लूमवर बहिरा होत होता, पण दुरून पाठवलेल्या मायेला गावात कुणी विचारत नाही. मला या गोष्टीचा आजही संताप येतो.

यंदा त्यांची आई पहिल्यांदाच सुरतला यायची होती, धाकट्याबरोबर, गणपती बघायला. जिभाऊंनी मंडळाशी भांडून अख्खा शिवपरिवार मांडायला लावला. आईने दोन्ही लेक एका ठिकाणी बघावेत, एवढाच हट्ट. कार्तिकेयाची मूर्ती कुठे मिळेना. शेवटी त्यांनी भेस्तानच्या बाजारातून एक कृष्ण आणला, बासरी काढली, पडद्याच्या दांडीचा भाला दिला, शेजारी मोर ठेवला. हात बासरीचेच राहिल्यामुळे देव भाल्यातून उसाचा रस पितोय असं दिसत होतं.

पण एक गोष्ट या पुरुषाच्या डोक्यातच आली नाही. कार्तिकस्वामीचं दर्शन सवाष्णीने घ्यायचं नसतं. घेतलं तर म्हणे सात जन्म वैधव्य. पहिल्याच आरतीला बायका कडेला सरकून जमिनीकडे बघत उभ्या राहिल्या. समोर मी एकटी. मी विधवा, माझं तो आणखी काय वाईट करणार?

दुसऱ्या दिवशी आई आली. वाकलेली, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. जिभाऊ तिला हाताला धरून मंडपात घेऊन आले. मोर दिसताच तिने पदर ओढून तोंड फिरवलं.

"मी नही पाहाव. तुना बाप जित्ता शे."

बाप गावी अंथरुणाला खिळलेला. जिभाऊंनी मंडपाला लावलेली एक जॉर्जेटची साडी ओढून काढली, कार्तिकेयाच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हातांनी ती डोक्याच्याही वर धरली. देव झाकला गेला, तेही झाकले गेले.

"आते देख, झाकी दिन्ह," धाकटा म्हणाला.

म्हातारीने डोळे भरून पार्वती पाहिली, गणपती पाहिला. धाकट्याने तिला गणपतीपाशी उभं करून फोटोही काढला. साडीखालून जिभाऊंची भेगाळलेली पावलं दिसत होती, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

दर्शन झाल्यावर म्हातारी इकडेतिकडे बघू लागली. "मना थोरला कोठे शे?"

"व्हई आठेच, काममा," धाकटा फोटो बघत म्हणाला.

मी कडेला उभी होते, मला साडीमागचं दिसत होतं. हा प्रश्न जन्मभर घरोघर विचारत हिंडलेला माणूस, आणि त्याच्या आईने तो पहिल्यांदा विचारला तेव्हा त्याला ओ देता येईना. ओ द्यावी तर ती साडीमागे येणार, साडी खाली करावी तर देव दिसणार. जिभाऊ पातळ कापडातून आईकडे बघत होते. हात वर अडकलेले, त्यामुळे त्यांना डोळेही पुसता येत नव्हते.