विणलेलंच आहे, साहेब

उलटेराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक कापडाला जकातीसाठी एक नंबर लागतो, आणि त्या नंबरावर जकात ठरते. बंदरातून माल सोडवून देणाऱ्या एका क्लिअरिंग एजंटाच्या ऑफिसात बसून तो नंबर ठरवायचं काम ते करत, आणि कापड उलटं करून त्याची पाठ बघितल्याशिवाय एक अक्षर बोलत नसत. म्हणून उलटेराव. ही सवय अंगात इतकी मुरली होती की कुणाशी हात मिळवतानासुद्धा त्यांचा अंगठा समोरच्याच्या बाहीची कड हळूच दुमडून बघायचा. समोरच्याला वाटायचं, काय हा जिव्हाळा.

"पुढून काय, सगळीच कापडं गोड हसतात," ते म्हणत. "पाठ बघा. उभे-आडवे धागे दिसले की मागावरचं. टाक्यात टाका अडकलेला दिसला की सुयांवरचं. कुठलंही कापड आणा, चहा निवायच्या आत नंबर सांगतो."

आणि सांगायचे, खोटं कशाला बोला. म्हणून तर मालक त्यांना रजा देत नसत. पण या वेळी बायकोने आधी समुद्रकाठची खोली ठरवली, मग गाडीची तिकिटं काढली आणि मग नवऱ्याला सांगितलं. लग्नानंतर दोघंच असे कुठे गेलेच नव्हते. उलटेरावांनी मान डोलावली, कारण दुसरं काही करायची सोय तिने ठेवली नव्हती. मनातून मात्र ते लहान मुलासारखे हरखले होते. ऑफिसात बसल्या बसल्या खिडकीतून समोरच्या भिंतीकडे बघत ते लाटा मोजायला लागले होते.

मालकांनी फक्त एक अट घातली. "तो फरशी पुसायच्या मशीनवाल्यांचा कंटेनर अडकलाय, तो सुटला की तुम्ही सुटलात."

त्या कंटेनरमध्ये कापडाच्या गुंडाळ्या होत्या. मशीनच्या रोलरवर मोज्यासारखं चढवायचं कापड. आकार नळीचा, घेर माणसाच्या डोक्याएवढा, आणि वरून टॉवेलसारखी मऊ, वेटोळ्यावेटोळ्यांची लव. उलटेरावांच्या दृष्टीने ही डाव्या हाताची गोष्ट होती. त्यांनी पाठ बघितली, टाके दिसले, जकातीच्या साहेबांना फोन लावला.

"साहेब, हे विणलेलं आहे."

"हो तर, विणलेलंच आहे," साहेब म्हणाले. "फोटो बघूनच मी ओळखलं."

"मग वादच मिटला."

"वाद होताच कुठे?"

दोघांनी समाधानाने फोन ठेवला आणि दोघांनी दोन वेगळे नंबर लिहिले. आता आपल्या भाषेची गंमत बघा. मागावरही विणतात आणि सुयांवरही विणतात. जकातीच्या पुस्तकात मात्र मागावरचं लवदार कापड एका प्रकरणात आणि सुयांवरचं दुसऱ्यात. उलटेरावांच्या मनात सुया होत्या, साहेबांच्या मनात माग. आपल्याशी फोनवर एक बोलून हा माणूस कागदावर दुसरंच लिहितो, म्हणजे याचं डोकं ठिकाणावर नाही, अशी दोघांचीही एकमेकांबद्दल खात्री पटली. कंटेनर तिथेच राहिला. साहेबांनी सुनावणी लावली, नमुना घेऊन या म्हणाले. सुनावणी गुरुवारी आणि समुद्राची गाडी शुक्रवारी सकाळी.

नमुना एकच होता, हातभर नळी. जकात कचेरी घराजवळ, म्हणून बुधवारी संध्याकाळी उलटेराव तो घरी घेऊन आले आणि जेवणाच्या टेबलावर ठेवून पुन्हा एकदा त्याची पाठ बघत बसले. तिथे सासूबाई आल्या.

सासूबाई काही दिवसांसाठी लेकीकडे राहायला आल्या होत्या. बाई अतिशय शांत, पण अर्धवट राहिलेली कुठलीही गोष्ट त्यांना बघवत नसे. अर्धा उघडा ड्रॉवर त्या बंद करत, कपात कुणाचा घोटभर चहा उरला तर तो पिऊन टाकत, आणि जावयाचं एखादं वाक्य मध्येच रेंगाळलं तर तेही पुरं करून देत.

"हे काय, जावईबापू?"

"उद्या साहेबांना द्यायचंय, आई."

सासूबाईंनी नळी हातात घेतली. चष्मा वर केला, खाली केला. "विणलेलं दिसतंय."

उलटेरावांना भरून आलं. "बघा, तुम्हाला कळतं. मग त्या साहेबांना का कळत नाही? नीट बघून सांगा, विणलेलंच आहे ना?"

"विणलेलंच आहे. पण..."

"आता पण नाही आणि बिण नाही, आई. तुम्ही म्हणालात, मला सगळं मिळालं." आणि कित्येक दिवसांत लागली नव्हती अशी झोप त्यांना लागली.

सासूबाईंचा 'पण' मात्र टेबलापाशीच राहिला. त्यांना म्हणायचं होतं की हे दोन्हीकडून उघडंच आहे. जावई साहेबांना भेट म्हणून टोपी देतोय, आणि तीही अर्धी विणलेली! त्या माउलीला कसंसंच झालं. लोकरीची पिशवी काढून त्या दिव्याखाली बसल्या.

सकाळी नमुना पिशवीत नीट घडी करून ठेवलेला होता. दारात सासूबाई म्हणाल्या, "आता बिनघोर जा. साहेब खूश होतील." आपल्या कामात सासूबाई इतका रस घेतात याचं उलटेरावांना रस्ताभर कौतुक वाटलं.

सुनावणीला मालकही आले होते. उलटेरावांनी घसा साफ केला. "साहेब, मी जास्त बोलणार नाही. माल स्वतः बोलेल." आणि साहेबांकडे बघत त्यांनी पिशवीत हात घालून माल टेबलावर ठेवला.

माल बोलला. त्याचं एक टोक चुण्या घालून बंद केलं होतं. दुसऱ्या टोकाला कानावर येईल अशी सुबक पट्टी विणली होती. आणि शेंड्यावर चांगला लिंबाएवढा लाल गोंडा होता.

साहेबांनी तो गोंडा बोटाने हलवून बघितला. "ही टोपी आहे."

"नाही साहेब, हे कापड..." उलटेरावांनी खाली बघितलं.

"कापडाला गोंडा असतो?"

मालक खोकले.

"टोपीचा नंबर वेगळा," साहेब म्हणाले. "कागदावर कापड लिहायचं आणि कंटेनर भरून टोप्या आणायच्या? तुम्ही आम्हाला टोपी घालताय?" हे वाक्य तोंडातून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं, आणि हसू येऊ नये म्हणून ते आणखी रागावले.

"साहेब, हे माझ्या सासूबाईंनी केलंय."

"म्हणजे कारखाना सासूबाईंचा आहे?"

उलटेरावांच्या डोळ्यांसमोर समुद्र आटायला लागला. "एक मिनिट साहेब, हा चुण्यांचा धागा ओढला की पुन्हा नळी होते." त्यांनी घाईघाईने गोंडा तोडला आणि धागा ओढला. तो चुण्यांचा नव्हता. तो खुद्द कापडाचा होता. सर्रकन एक ओळ उसवली, मग दुसरी. त्यांनी हात थांबवला, पण साहेब खुर्चीतून अर्धे उठले होते.

"थांबू नका. ओढा."

"साहेब, नमुना संपेल."

"ओढा म्हणतो ना."

उलटेराव ओढत राहिले. नळी गोल गोल उसवत लहान होत गेली आणि टेबलावर कुरळ्या धाग्याचा ढीग वाढत गेला. शेवटी सासूबाईंची पट्टी तेवढी उरली. साहेबांनी धाग्याचं टोक भिंगाखाली धरलं.

"मागावरचं कापड असं उसवत नाही," ते हळूहळू म्हणाले. "हे तर सुयांवरचं आहे."

"तेच तर मी सांगतोय साहेब, पहिल्या फोनपासून! विणलेलं आहे."

"विणलेलं तर मीही म्हणत होतो."

"तुम्ही विणलेलं म्हणजे..."

"मागावर. आणि तुम्ही?"

"सुयांवर."

मालकांनी डोळे मिटून घेतले. मग साहेबच आधी हसले, आणि चांगले पोट धरून हसले. त्यांनी चहा मागवला, उलटेरावांचा नंबर मान्य केला, सही करायला पेन उघडलं आणि हात तसाच ठेवून म्हणाले, "फाइलला लावायला नमुना द्या."

उलटेरावांनी ढिगाकडे बोट दाखवलं.

"हे सूत आहे," साहेब म्हणाले. "सुताचा नंबर वेगळा."

नवा नमुना कंटेनरमधूनच काढावा लागणार होता, तोही दोघांसमक्ष, शुक्रवारी सकाळी. आणि एकदा कंटेनर उघडला की शेवटच्या गुंडाळीची तपासणी होईपर्यंत नंबर देणाऱ्या माणसाने जागचं हलायचं नाही, असा तिथला नियम. हे काम आठवडाभर सहज पुरणार होतं.

घरी बॅग भरून दारात ठेवलेली होती. उलटेरावांनी सगळं सांगितलं. बायकोने बॅगेची लावलेली चेन उघडली आणि पुन्हा लावली. उलटेरावांना खरंच वाईट वाटलं. तिच्यासाठी वाटलं आणि स्वतःसाठीही वाटलं. ते तिच्याजवळ जाऊन उभे राहिले.

"मग ती खोली अशीच रिकामी ठेवायची का?" आतून सासूबाईंनी विचारलं.

शुक्रवारी सकाळी उलटेराव दोघींना गाडीत बसवून, बॅगा वर चढवून थेट गोदामात गेले. तिथे नव्या नमुन्यावर साहेबांनी मुकाट सही केली. मग दोघं दोन गुंडाळ्यांवर बसून चहा प्यायले. बसायला गुंडाळ्या फार मऊ होत्या, साहेब गोष्टीवेल्हाळ निघाले, आणि खरं सांगायचं तर उलटेरावांचा दिवस बरा गेला. आपण केवढा त्याग केला, असंही त्यांना मधून मधून वाटत होतं. संध्याकाळी बायकोचा फोन आला. मागून लाटांचा आवाज येत होता आणि ती कधी नव्हे इतकी हसत होती.

"माझी आठवण येतेय ना?" उलटेरावांनी मायेने विचारलं.

"येतेय हो. आणि हे बघा, आई विचारतेय, पुढच्या वर्षीही तुमचं असंच काही अडकणार आहे का? म्हणजे खोली आत्ताच सांगून ठेवू, म्हणते."