जुने लॅपटॉपास बिनतारी इंटरनेट जोडोन नातवाचे कानी नाव घातले, ती हकीकत

मोठ्या मोहिमा लिहिणारे मोठे लोक असतात, आणि लहान मोहिमा लिहिणारावाचून राहतात, मग चार वर्षांनी जो तो आपले सोईने सांगू लागतो. नारीन शहरी नदीकाठचे गल्लीत तैसेच होऊ लागले. कोणी म्हणे फत्ते अक्सकालांनी केली, कोणी म्हणे बायबिचेंनी, आणि कालिक शेजारी तर सारे यश आपलेच पदरी बांधोन बाजारात हिंडू लागला. यास्तव या लेखकाने, जो शहरचे हवामान ठाण्यावर चौतीस वर्षे पारा आणि वारा लिहीत होता, दोहों घरी बैसोन, चहा पिऊन, कोणाची भीड न धरिता, जाहले तैसे लिहिले असे.

दुइशेनअली अक्सकाल, म्हणजे गल्लीचे वडीलधारे, उमर एकाहत्तर, पूर्वी घाटातील मालट्रक दुरुस्त करणारे, हातात पाना असता कोणत्याही यंत्रापुढे मान न लवविणारे. त्यांचे कुटुंब बुरुलचा बायबिचे, म्हणजे घरच्या थोर बाई, यांनी शाळेत तीस वर्षे रसायनशास्त्र शिकविले, आणि अर्धे शहर अद्याप त्यांस पाहोन खिशातील हात बाहेर काढिते. एकुलता पुत्र बेकतुर, कोरियाचे मुलुखी उल्सान बंदरी जहाजांस वेल्डिंग करितो, आणि सूनबाई आइझिरेक तेथेच त्याजपाशी. नवरोज होऊन आठवडा जाहला आणि सोमवारी सकाळी अक्सकालांचे बटणांचे फोनावर बेकतुराचा आवाज आला.

"बाबा, मुलगा झाला. दोघं ठीक आहेत. नाव तुम्ही ठेवायचं. सातव्या दिवशी, म्हणजे या रविवारी, तुमच्याकडे दुपारचे बारा. सोमवारी मला दफ्तरात नाव लिहून द्यायचंय."

अक्सकाल म्हणाले की, नाव ठरलेलेच आहे, याच फोनावरून पोराचे कानी अजान देतो आणि नाव सांगतो. तव बायबिचेंनी फोन हातातून घेतला.

"बेकतुर, मला तो बघायचाय. आवाजाने माझं भागणार नाही."

"आई, तुझा मोठा फोन?"

"तो आंबवलेल्या जारम्याच्या पिंपात पडला. दोन दिवस तांदळात ठेवला होता. आता त्याला नुसताच आंबूस वास येतो."

अक्सकालांनी यावर विचार केला, आणि मग हुकूम जाहला की, बायबिचेंचे म्हणणे रास्त आहे, ज्याचे कानी बोलावयाचे तो कान बोलणारास दिसला पाहिजे.

इतक्यात वर्तमान कुंपणापलीकडे गेले. कालिक हा बस आगाराचा निवृत्त वेळापत्रक-कारकून, मनगटी दोन घड्याळे बांधणारा, आणि त्याजपाशी मोठा फोन होता. तो कुंपणाशी येऊन म्हणाला,

"माझ्या फोनवरून करा ना. दोन मिनिटांचं काम आहे."

आता या दोन मिनिटांची किंमत सारे गल्लीस ठाऊक होती. तीन वर्षांमागे पलीकडील घरचे नातवाचे नाव याच फोनावरून ठेविले गेले, आणि तेव्हापासोन लग्न असो, बारसे असो, मयताचे जेवण असो, कालिक मांसाचे ताटापाशी बैसोन सांगतो की, त्या पोरास नाव मजमुळे मिळाले. ते पोर बालवाडीत जाऊ लागले तरी सांगणे थांबले नाही.

अक्सकाल म्हणाले, "आभारी आहे. आमच्याकडे कंप्युटर आहे."

"बेकतुर कॉलेजात होता तेव्हाचा? तो चालतो अजून?"

"चालेल."

हा शब्द तोंडातून गेला आणि मोहीम ठरली.

लॅपटॉप पेटीत रजयांचे तळी निजला होता. वजन मेंढीचे मागचे तंगडीइतके, झाकणावर बेकतुराने विद्यार्थीदशेत चिकटविलेले मोटारींचे चित्र. गुरुवारी इंटरनेट कंपनीचे दोघे असामी येऊन भिंतीवर दोन शिंगांची डबी ठोकोन, हिरवे दिवे लावोन, कागदावर सही घेऊन गेले, आणि जाताना म्हणाले की, आता वारा बिनतारी घरभर आहे, यंत्रास फक्त तो धरावयाचा. अक्सकालांनी यंत्र चालू केले. ते जागे होईतो दोन पेले चहा जाहला. मग पडद्यावर अक्षरे उमटली की, आसपास कोणतेही जाळे नाही.

अक्सकालांनी यंत्र उचलोन डबीजवळ नेले, आणि समोरासमोर धरिले, आणि मग शिंगांस टेकविले. यंत्र म्हणे, जाळे नाही. मग त्यांनी पेचकस मागविला. अकरा स्क्रू काढोन पोट उघडिले, आत पंधरा वर्षांची धूळ नमद्यासारखी बसली होती ती फुंकोन काढिली, कोळ्याचे घर काढिले, आणि सारे परत जागचे जागी बसविले. बायबिचे चहा घेऊन आल्या तो मेजावर एक स्क्रू दिसला.

"हा कुठला?"

"जास्तीचा असतो."

"कारखानेवाले जास्तीचा देतात?"

"चांगले कारखाने देतात."

बायबिचेंनी तो स्क्रू काचेचे बशीत ठेविला. शुक्रवार सारा याच फजितीत गेला. बायबिचेंस ठाऊक होते की, हे गृहस्थ बर्फात अडकलेले ट्रकाखाली आठ तास निजतील परंतु कोणास हाक मारणार नाहीत, आणि त्यांस हेही दिसत होते की, या वेळी ट्रक नव्हे, नातू अडकला आहे. बोर्सोक म्हणजे तळलेले पिठाचे गोळे, ते खाऊन तेलकट जाहलेले बोटांचे ठसे यंत्रावर जागोजाग उमटले होते, म्हणोन त्यांनी ओले फडके घेऊन पुसावयास आरंभ केला, तो पुढील कडेस नखाएवढी एक सरकती कळ फडक्यात अडकली आणि उजवीकडे सरली, आणि कडेचा एक निळा दिवा लागला.

"अहो, तुम्ही काही केलंत का?"

"मी चहा पितोय."

"मग इथे तीन नावं आली आहेत. एक आपलं आहे, एक कालिकचं दिसतंय."

अक्सकाल उठोन आले, भिंग लावोन त्या कळीकडे बराच वेळ पाहात राहिले. बिनतारीचा दरवाजा बाहेरून कडी घालोन बंद होता आणि आपण पोट फाडोन आतून शोधीत होतो, हे त्यांचे ध्यानी आले. बायबिचे या समयी पुष्कळ काही बोलू शकल्या असत्या. त्यांनी फक्त पेल्यात चहा घातला. या लेखकाचे मते साऱ्या मोहिमेत इतके उदार वर्तन दुसरे जाहले नाही.

शनिवारी दुसरा बाका प्रसंग. यंत्र परवलीचा शब्द मागू लागले. तो शब्द डबीचे तळाशी बारीक चिठ्ठीवर छापिला होता, आणि भिंतीवरील डबीचे तळी पाहावयास अक्सकालांस खुर्चीवर चढावे लागले. ते वरून वाचीत आणि खाली उतरोन एका बोटाने दाबीत, आणि यंत्र म्हणे, शब्द चुकीचा. ऐसे चौदा वेळा चढणे आणि उतरणे जाहले, आणि गुडघे बोलू लागले. मग बायबिचेंनी चष्मा पुसोन फर्मान काढिले की, अक्सकालांनी वरच उभे राहावे आणि वाचावे, कळा आपण दाबू.

"स," अक्सकाल वरून वाचू लागले. "मग न. मग सात, मग र."

"थांबा. नीट सांगा, कसं दिसतंय?"

"अर्धा चंद्र. आपला स."

बायबिचेंनी क्षणभर हात आवरिला. त्या यंत्राचे प्रत्येक कळेवर दोन अक्षरे होती, एक आपले मुलुखाचे रशियन वळणाचे लिपीचे आणि एक परकीय, म्हणजे इंग्रजी, आणि काही अक्षरे दोहों लिप्यांत हुबेहूब सारखी दिसतात परंतु बसतात वेगळाल्या कळांवर. आपला स तोच तिकडला सी, म्हणजे रसायनाचे पाटीवरील कार्बन. आपला न तोच तिकडला एच, म्हणजे हायड्रोजन.

"अहो, हा आपला स नाही. हा कार्बन आहे. तुम्ही सकाळपासून भलत्याच कळा दाबताय."

"मग काय वाचू?"

"तीस वर्षं माझ्याबरोबर संसार केलात, मूलद्रव्यांची पाटी पाठ नाही झाली? अर्धा चंद्र असेल तर कार्बन म्हणा. शिडीसारखं असेल तर हायड्रोजन. काठीला पोट असेल तर फॉस्फरस."

"बेचाळीस वर्षं," अक्सकाल खुर्चीवरून बोलिले.

मग डावे कोपऱ्यात लिपी बदलोन, वरून "कार्बन, हायड्रोजन, सात, फॉस्फरस, पोटॅशियम" ऐसा पुकारा, आणि खालून एकेक कळ, ऐसे बारा अक्षरांचे ठाणे सर जाहले. जोडणी जाहली म्हणोन यंत्राने लिहिले. अक्सकाल खुर्चीवरून उतरताना बायबिचेंनी त्यांचा हात धरिला, आणि उतरल्यावरही काही वेळ सोडिला नाही.

परंतु विजय म्हणावा तर पान उघडेना. बेकतुराने पडद्यावरील भेटीचे खोलीचा पत्ता बटणांचे फोनावर धाडिला होता, तो अक्षरागणिक लिहिला, तरी यंत्र लाल पडदा टाकोन म्हणे की, पुढे जाणे सुरक्षित नाही. दुसरे पान मागितले, तेही सुरक्षित नाही. शनिवार गेला. रविवारी सकाळी अक्सकालांनी दाढी केली, पांढरी टोपी घासली, चांगला कोट चढविला, आणि लाल पडद्यापुढे बैसले. साडेअकरा जाहले. उल्सानास बेकतुराने पोर नवे कपड्यात गुंडाळिले असेल, हे दोघांचेही मनी होते. मग बायबिचे हळू म्हणाल्या,

"कालिकला बोलवू का?"

अक्सकालांनी टोपी काढोन गुडघ्यावर ठेविली. उभे आयुष्यात या माणसाने घाटात कोणास वाट दिली नाही. ते म्हणाले, "बोलव. मुलाचं नाव थांबायला नको."

कालिक दारातच होता. मुबारकी द्यावयास आलो म्हणाला, परंतु फोन हाती होता आणि तो काचेसारखा पुसलेला होता. आत येऊन बैसला, बोर्सोक घेतला, आणि जुने सवयीने प्रथम घड्याळ कोठे आहे ते पाहिले. भिंतीवरील पाहिले, आपली दोन पाहिली, मग यंत्राचे कोपऱ्यातील पाहिले, आणि चावणे थांबविले.

"तुमच्या यंत्रात अजून दोन हजार नऊ साल चालू आहे. एक जानेवारी."

"मग?" अक्सकाल म्हणाले.

"मग ते कसं जाऊ देईल? आजचं पान त्याला पुढल्या सालाचं वाटतंय. पुढल्या सालाचं तिकीट घेऊन कोणी माझ्या बसमध्ये बसायला आलं असतं तर मी दारातच उतरवलं असतं. आजची तारीख घाल."

"दोन हजार नऊमध्ये तू माझ्याशी बोलत नव्हतास."

"आता बोलतोय. तारीख घाल."

यंत्राचे पोटातील लहान बॅटरी मेली होती, म्हणोन ते दर वेळी जागे होताच आपले तारुण्यात जाई. अक्सकालांनी साल, महिना, दिवस ऐसे घातले, आणि कालिकाने मनगटावरून मिनिटे व सेकंद पुकारिले. बेकतुराचे पान पुनः मागितले. लाल पडदा गेला, आणि चक्र फिरत राहिले, आणि फिरत राहिले, आणि मग बेकतुराची हनुवटी दिसली. कालिक आपला फोन हळूच खिशात घालीत असता अक्सकालांनी त्याजकडे पाहिले, आणि सरकोन त्यास पडद्यापुढे जागा करोन दिली. कालिकास याची अपेक्षा नव्हती. तो पेला हाती घेऊन तैसाच बैसला.

"आई, हा बघ," बेकतुर म्हणाला.

बायबिचेंनी पाहिले. पोर झोपले होते, मूठ गालाशी. त्यांनी पडद्याचे काचेवरील धूळ बोटाने पुसली, जेथे धूळ नव्हती.

ठीक बारा वाजता बेकतुराने फोन पोराचे उजवे कानाशी नेला, आणि सारा पडदा एका कानाने भरला. अक्सकाल उभे राहिले, टोपी घातली, आणि अजान दिली. मग वाकोन, नाव तीन वेळा पुकारिले. "तुझं नाव एलतेमिर. तुझं नाव एलतेमिर. तुझं नाव एलतेमिर."

एल म्हणजे आपले लोक, आणि तेमिर म्हणजे लोखंड. नाव अक्सकालांचे आजोबांचे.

मग उल्सानी बेकतुराने पोराचे कानी वाकोन तेच नाव तीन वेळा म्हटले, आणि सूनबाईंनी डोळे पुसले, आणि या घरी तिघांनी एकमेकांकडे पाहिले. बेकतुर म्हणत होता, "तेमिर. तेमिर. तेमिर." जुने यंत्र शब्दाचा आरंभ गिळीत होते. तिन्ही वेळा पहिला तुकडा गिळला आणि मागला तेवढा समुद्रापार पोचविला.

बायबिचे कुजबुजल्या, "अहो, अर्धंच गेलं."

"परत सांग की," कालिक म्हणाला.

अक्सकाल बोलावयास वाकले. तितक्यात कान बाजूस जाऊन पोराचा मुखडा दिसला, आणि पोराने डोळे उघडिले. अक्सकाल तैसेच वाकलेले राहिले. मग बसले.

"राहू दे," ते म्हणाले. "कानात गेलं ते गेलं. लोखंडात काम करणाऱ्याचा मुलगा आहे, तेमिर चांगलं आहे." आणि काही वेळाने बायबिचेंस म्हणाले, "एल इथेच राहिला. तो घ्यायला येईल कधीतरी."

एणेप्रमाणे मोहीम गुरुवारपासोन चार दिवस चालोन रविवारी दुपारी बारा वाजोन सात मिनिटांनी तमाम जाहली. कळ बायबिचेंनी उघडिली, परवलीचा शब्द बायबिचे व अक्सकाल यांनी मिळोन सर केला, साल कालिकाने दुरुस्त करविले, हे तिघांनी या लेखकासमक्ष कबूल केले असे. त्या समयी पारा चार अंश वर, वारा पश्चिमेचा, नदीवरचे बर्फ फुटू लागले होते. सोमवारी उल्सानाहून खबर आली की, दफ्तरी नाव तेमिर नोंदले गेले. नावाचा पूर्वार्ध नारीन शहरी दुइशेनअली अक्सकालांचे घरी अमानत आहे, आणि मालक येऊन मागेल तेव्हा हातोहात द्यावयाचा आहे.