बाटलीसरांना दिलेलं पाणी

बाटलीसर कुणाच्या घरचं पाणी पीत नाहीत. तांब्या पुढं केला की आधी पाण्याकडं बघतात, मग तुमच्याकडं बघतात, आणि पिशवीतून रिकामी बाटली काढून म्हणतात, "यात द्याल का?" पाणी बाटलीत, बाटली बर्फाच्या पेटीत, पेटी स्कूटरवर, आणि माणूस पुढच्या दारात. तहान लागली तर स्वतःजवळचं दोन घोट पितात, ते पण तोंड फिरवून, चोरून बिडी ओढावी तसं.

खरं नाव मुकुंद. तुळजापूरच्या पुजाऱ्याच्या घरातले. घरातले बाकीचे देवीच्या सेवेत. हे धाराशिवला एका कॉलेजात रसायन शिकवतात आणि उरलेल्या वेळात आमच्या परंडा तालुक्यातल्या आडांचं, बोअरचं पाणी गोळा करत हिंडतात. लगीन केलं नाही. विचारलं तर "राहून गेलं" म्हणतात, एसटीत छत्री राहून जावी तसं.

आमच्या दारात पहिल्यांदा आले तेव्हा कौसाला, माझ्या बायकोला, जाऊन फार दिवस झाले नव्हते. घरात पाणी द्यायला मीच. तांब्या भरून आणला तर त्यांनी वर पालथा हात धरला. आता आमी बौद्ध, हे पुजाऱ्याच्या घरचे, आणि ओट्यावर चार माणसं बसलेली. माझं डोकं फिरलं.

"का हो," मी म्हणालो, "पुजाऱ्याच्या पोराला आमचं पाणी चालत न्हाय व्हय?"

माणूस कानापर्यंत लाल झाला. "बाबा, मला कुणाचंच चालत नाही."

"हे बरं हाय. सगळ्यांचा सारखाच अपमान."

ओट्यावरची माणसं हसली. सर हसले नाहीत. गडबडीत स्कूटरची किल्ली सापडेना, तर स्कूटर ढकलत वेशीपर्यंत गेले.

मग कळलं, सरपंचाच्या घरी पण तांब्यावर तसाच हात धरला होता. आणि सख्ख्या बहिणीकडं भाऊबीजेला गेले, ओवाळून झालं, तर हे तिच्या नळाचं पाणी बाटलीत भरून बसले. पुढच्या खेपेला जाऊन तिच्या सासूच्या देखत सांगितलं, "ताई, हे पाणी मुलांना देऊ नकोस." सासूनं त्यानंतर भाऊबीजेला बोलावणंच बंद केलं. हे मला त्यांनीच सांगितलं, आणि वर म्हणाले, "पण पाणी खरंच वाईट होतं." ते ऐकलं आणि माझं ओट्यावरचं बोलणं मलाच टोचलं. आपल्या जातीचं दुखणं आपण भलत्याच माणसाच्या अंगावर फेकलं, असं झालं. पण माफी मागायची सवय नाही. त्यांना भाकरी वाढली.

भाकरी खातात. मी एकदा विचारलं, "सर, पीठ कशात भिजवलंय?" घास तोंडातच थांबला. लई वेळ विचार केला त्यांनी. मग म्हणाले, "बरोबर आहे तुमचं," आणि चावायला लागले. त्यानंतर भाकरी खाताना माझ्याकडं बघत नाहीत.

त्यांचं एक बोलणं ठरलेलं. "दिसत नाही, पण असतं." नितळ पाणी बघून आपण खूश झालो की हे म्हणणार, दिसत नाही, पण असतं. पाण्यात काय काय किती असतं ते सांगायला लागले की थांबत नाहीत. तळंभर पाण्यात चिमूटभर साखर टाकली तरी त्यांच्या कॉलेजातल्या मशीनला ती घावते म्हणे.

"आन् ती शोधायला तळं कोण पिणार?" मी विचारलं.

"एक थेंब पुरतो, बाबा."

त्या मशीनला थेंब पाजला की कागदावर डोंगर उठतात. एक डोंगर मिठाचा, एक कशाचा, एक नायट्रेटचा. नायट्रेट म्हणजे शेतातला युरिया, गोठ्यातलं मूत, संडासाचा खड्डा, हे सगळं मुरून मुरून पाण्यात उतरतं ते. डोंगर जेवढा उंच तेवढं ते जास्त. हे मला समजलं, कारण समजावताना ते जमिनीवर काडीनं डोंगर काढतात, आणि काढता काढता एवढे रमतात की कोंबड्या त्यांच्या डोंगरावरून चालत जातात तरी उठत नाहीत.

आता त्यांनी आमच्या गल्लीतल्या आडांचे नमुने घेतले तेव्हाची गोष्ट. सांगायला जड जातं, पण सांगतो.

सर दारोदार बाटली घेऊन उभे राहिले. "आडाचं पाणी द्या, बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा आणि भरून द्या." खरं तर ते स्वतः शेंदणार होते. पण पाव्हण्यानं आडावर वाकून पोहरा ओढायचा आणि आपण बघत बसायचं, असं कुठं असतं का? बायांनी त्यांच्या हातातून बाटली काढून घेतली. आणि बाईच्या हातातून वस्तू परत मागायचं धाडस सरांना जन्मात व्हायचं नाही. शेजारच्या शेवंताबाईनं तर बाटली राखेनं घासून लख्ख करून दिली. सरांनी "अरे देवा" म्हणून दुसरी काढली.

आता पाव्हण्याच्या बाटलीत आडाचं पाणी कसं द्यायचं? आमच्याकडं घरोघरी फिल्टरच्या पाण्याचे जार येतात. गाडीवाला टाकून जातो. आडाचं पाणी धुण्याला, जनावराला. शेवंताबाईनं आत जाऊन जारचं भरलं. तिच्या पलीकडच्यांनी जारचंच भरलं. चांगलं ते पाव्हण्याला, ही आमची रीत. कुणाच्या मनात पाप नव्हतं.

माझ्या मनात थोडं होतं. आमचा आड मी आणि कौसानं खणलेला आहे. गावच्या आडावर आम्हाला वरून ओंजळीत पाणी मिळायचं, ते दिवस मी बघितलेत. मी खाली खणायचो, ती डोक्यावर मुरूम वर न्यायची. पाणी लागलं तेव्हा गाळ बसायची वाट न बघता तिनं गढूळच पिऊन टाकलं. त्या आडाला कुण्या मशीननं वाईट म्हणावं, हे मला सोसणार नव्हतं. आणि अलीकडं पाण्याला वास यायचा, हे मला माहीत होतं. म्हणून मी पण आत गेलो आणि जारची तोटी सोडली.

पुढच्या महिन्यात सर आले ते जवळजवळ पळत आले. त्या माणसाला एवढं आनंदात मी कधी बघितलं नव्हतं. आमच्या गल्लीत एका आडाला बी नायट्रेटचा डोंगर नव्हता. आजूबाजूच्या गावात डोंगरच डोंगर, आणि आमच्याकडं सपाट माळ.

"तुमच्या मातीत काहीतरी आहे, बाबा," म्हणाले. "काही जंतू नायट्रेट खातात. इथे ते भरपूर असणार. हे कुणाला माहीतच नाही."

मग माणूस पाण्यावरून मातीवर आला. प्रत्येकाच्या परसात खुरपं घेऊन बसायचा, पिशव्या भरायचा, पिशवीला मायेनं गाठ मारायचा. शेवंताबाई मला म्हणाली, "तात्या, सांगावं का वो त्यास्नी?" मी म्हणालो, "एवढा खूश हाय, राहू दे की." ह्यापरीस नीच बोलणं मी उभ्या जन्मात केलं नसंल.

सरांनी जाताना प्रत्येक घराला एक कागद दिला. माझ्या कागदावर लिहिलेलं, पाणी पिण्यास उत्तम. मी तो कौसाच्या फोटोखाली ठेवला. ठेवताना फोटोकडं बघवलं नाही. पण ठेवला.

माझी पोरगी सुजाता पहिल्या बाळंतपणाला आली. आई नाही, पण माहेर ते माहेर. पोरगा झाला. तिला दूध पुरेना, डॉक्टरनं वरचं दूध सांगितलं, पावडरचं, उकळलेल्या पाण्यात कालवून. सुजातानं फोटोखालचा कागद वाचला आणि म्हणाली, "बाबा, जार कशाला? आईच्या आडाचं पाणी उत्तम हाय म्हणून सरांनी लिहून दिलंय. बाळाला तेच द्यायचं."

खरं सांगायचं सोडून मी आडात पोहरा सोडला. मनाशी म्हटलं, वास येतो तो उकळून जाईल. तिनं सांगितलं तसं नुसतं उकळलं नाही, अर्धं आटवलं. काढ्यासारखं. जेवढं आटंल तेवढं शुद्ध, असं माझं शहाणपण. त्या दिवशी दिवसभर तेच पाणी बाळाच्या पोटात गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर मातीसाठी आले. चुलीवर पातेलं होतं.

"काय उकळताय?"

"बाळाचं पाणी. आडाचं. निम्मं आटवतो."

सर हसले. "आटवू नका, बाबा. उकळून जंतू मरतात, पण विरघळलेलं असतं ते कुठं जात नाही. पाणी निम्मं झालं की ते दुप्पट घट्ट. दुसऱ्या गावात असतं तर मी पातेलं ओतायला लावलं असतं. नायट्रेटनं तान्ह्या बाळाचं रक्त हवा धरत नाही, अंग निळं पडतं. पण तुमच्या पाण्यात ते नाहीच, तुमची गोष्ट वेगळी."

सुजाता दारात बाळाला घेऊन उभी होती. मी त्या बाळाच्या ओठाकडं बघितलं, मग सरांच्या हातातल्या खुरप्याकडं.

"सर," मी म्हणालो, "ते पाणी आडाचं न्हवतं. म्या जारचं भरून दिलं."

सरांनी आधी पातेलं उतरवून पेरूच्या बुडाशी ओतलं. हात धुतले. बाळाचे ओठ बघितले, नखं बघितली, पायाचे तळवे उन्हात धरून बघितले. मग सुजाताला म्हणाले, "रंग चांगला आहे. तरी परंड्याला डॉक्टरांना दाखवू. आत्ताच." तोवर शेवंताबाई कुंपणाशी आली होती.

"आमी बी जारचंच दिलं वो सर," ती म्हणाली. "सगळ्यांनीच. पाव्हण्याला काय आडाचं देत्यात?"

सर मातीच्या पिशव्यांवर मटकन बसले. मला वाटलं आता हा माणूस आपल्याला शिव्या देणार, आणि दिल्या तर बरं होईल असंही वाटलं. ते म्हणाले, "क्षारसुद्धा कमी होते. सगळेच डोंगर बुटके होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं." मग म्हणाले, "पण हवं ते दिसलं ना, की माणूस पुढं बघत नाही. नमुना आपल्या हातानं घ्यायचा असतो. चूक माझी आहे."

माझी चूक त्यांनी अशी उचलून घेतली, आणि मी ती घेऊ दिली. ही लाज अजून जात नाही.

डॉक्टरनं बाळ धडधाकट आहे म्हणून सांगितलं. त्या दिवशी दुपारी सरांनी आमच्या आडात स्वतः पोहरा सोडला. त्यांना आडात वाकायची भीती वाटते, हे मला तेव्हा कळलं. गुडघे टेकून, डोळे जवळजवळ मिटून पाणी काढलं. मी मागून सदरा धरून उभा.

मशीननं जे सांगायचं ते सांगितलं. आमच्या आडाचा डोंगर सगळ्यात उंच.

"हा खड्डा आडाच्या एवढा जवळ कुणी घेतला?" संडासाकडं बघत त्यांनी विचारलं.

"मीच. कौसाला चालवत न्हवतं शेवटी. लांब कशी जाईल ती?"

सरांनी जाऊन त्या दाराची कडी लावली. म्हणाले, "दुसरीकडे जागाच नव्हती, बाबा." जागा होती. सगळं परस मोकळं पडलंय, त्यांनीच अख्खं खुरपून बघितलं होतं. मग म्हणाले, "आड बुजवू नका. धुण्याला, झाडाला वापरा. खड्डा लांब हलवू. पाणी सावकाश सुधारतं, पण सुधारतं."

त्यांचं मातीतल्या जंतूंचं संशोधन तिथंच संपलं. ते कुठंतरी मोठ्या सभेत वाचणार होते, ते नाव मागं घेतलं. हे त्यांनी मला सांगितलं नाही, त्यांच्या कॉलेजातल्या शिपायानं शेवंताबाईच्या भाच्याला सांगितलं.

त्या दिवसापासून दिवेलागणीला सरांचा फोन यायला लागला. "बाबा, बाळाला आज पाणी कुठलं?" मी सांगायचो, जारचं. "आटवलं नाही ना?" न्हाय. "बरं." एवढंच. मागं कसलीतरी घरघर ऐकू यायची. विचारलं तर म्हणाले, मशीन आहे, घरापेक्षा इथं बरं वाटतं.

सुजाता बाळाला घेऊन सासरी सोलापूरला गेली. घर पुन्हा कौसा गेल्यावर झालं होतं तसं झालं. संध्याकाळी फोन वाजला.

"बाबा, आज पाणी कुठलं?"

"सर, बाळ गेलं की सोलापूरला. काल तुमीच तर एसटीत बसवून दिलं त्यास्नी."

तिकडं नुसती घरघर. "हो," म्हणाले. "विसरलो."

कुठल्या आडाची कुठली बाटली ते झोपेत सांगणारा माणूस तो. मी म्हणालो, "जेवलात का?"

"नाही अजून. तुम्ही?"

"टाकीन आता भाकरी."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला परत फोन. परत तेच, आज पाणी कुठलं. आता रोज येतो. मी रोज सांगतो, जारचं. ते म्हणतात, बरं. मी चुलीपुढं बसतो, तिकडं मशीन घरघरत असतं, आणि फोन कुणीच ठेवत नाही.